कलेक्टरच्या श्वासांची नोंद

आत्या, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी चार मिनिटे बोलले. तुझा करारीपणा, तुझे सुवाच्य अक्षर, नांदगाव खंडेश्वरच्या भावाच्या मुलीला, म्हणजे मला, पाचवीपासून अमरावतीला स्वतःजवळ ठेवून पशुवैद्यक करण्याची तुझी जिद्द, हे सर्व मी योग्य क्रमाने मांडले. लोकांनी माना डोलावल्या. त्या भाषणात खोटे असे काही नव्हते. तरीही ते भाषण खोटे होते, कारण तुझ्याविषयी जे एक वाक्य चारचौघांत बोलायला हवे होते तेवढेच मी वगळले. ते वाक्य असे आहे: कलेक्टरच्या गोळ्या तू वाढवल्या नव्हत्यास, मी वाढवल्या होत्या.

तुझ्या पांढऱ्या पामेरियनचे हे नाव बाहेरच्यांना नेहमी समजावून सांगावे लागे. जिल्हाधिकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर महिन्याभरात तू ते पिल्लू आणलेस आणि कोणी नावाचे कारण विचारले की म्हणायचीस, "तीस वर्सं म्या कलेक्टरसमोर उभी राहिली. आता कलेक्टर माह्यासमोर बसन." मग तो खरोखर बसायचा, आणि तू विजयी मुद्रेने त्याला पोळीचा तुकडा द्यायचीस. शेजारच्या ताराकाकू कुंपणावरून ओरडायच्या, "अवो बाई, तुमच्या कलेक्टरनं माह्या पायपुसन्यावर पाय वर केला!" तू शांतपणे उत्तर द्यायचीस, "अर्ज करा. चौकशी लावतो."

तो अकरा वर्षांचा झाला तेव्हा खोकू लागला. मी तेव्हा अकोल्याला पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षात होते आणि नवा स्टेथोस्कोप मिळालेल्या कोणत्याही विद्यार्थिनीइतकीच आत्मविश्वासाने भरलेली होते. सुटीत घरी आल्यावर मी त्याच्या डाव्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवला. ठोक्यांच्या मध्ये जिथे शांतता असायला हवी तिथे फुसफुस ऐकू येत होती. छोट्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे वारंवार दिसते. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप कडेने जाड आणि गाठाळ होत जाते, पूर्ण मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त पुढे जाण्याऐवजी मागे फिरते. हृदय ती तूट भरून काढण्यासाठी मोठे होते आणि एक दिवस फुप्फुसांत पाणी साचू लागते. मी हे सर्व तुला कागदावर आकृती काढून समजावले. तू चष्म्यातून आकृती नीट पाहिलीस आणि म्हणालीस, "मंजे कवाड लागून नाई राहिलं. आन तू म्हनते, ते बदलता येत नाई."

"नाही. पण औषधांनी बराच काळ काढता येतो."

"किती?"

मी अभ्यासातले उत्तर दिले, म्हणजे उत्तर दिले नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी दोन औषधे सुरू केली: एक हृदयाला बळ देणारे, दुसरे अंगातले जादा पाणी लघवीवाटे काढणारे. या पाणी काढणाऱ्या औषधाची मात्रा फार काळजीने सांभाळावी लागते. कमी पडले तर फुप्फुसे भरतात; जास्त झाले तर शरीर कोरडे पडून मूत्रपिंडे खराब होतात. घरच्या घरी लक्ष ठेवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजणे. त्या रविवारी जेवणानंतर मी स्वतः मोजले. चोवीस. उत्तम. अकोल्याची बस पकडण्याच्या घाईत चपला घालता घालता मी तुला सांगितले, "रोज तो झोपला की एक मिनिट श्वास मोज. तीसच्या वर गेले तर मला लगेच कळव."

एवढेच सांगितले. एक श्वास कशाला म्हणायचे ते सांगितले नाही. मी ज्या विषयात सुवर्णपदकाची आशा बाळगून होते, त्या विषयातल्या सर्वांत साध्या मोजमापाची व्याख्या द्यायला मी विसरले.

तू लगेच एक लांबट वही आखलीस. तारीख, वेळ, श्वास, शेरा. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला.

"शेहेचाळीस."

"काय? परत मोज."

"तीनदा मोजले, मॅडम. शेहेचाळीस, शेहेचाळीस, सत्तेचाळीस. पन पोट्टं तं मजेत हाये. वाटीभर भात खाल्ला, गेटपर्यंत पयते."

"आत्या, तो पळतो की नाही यावर ठरत नाही. आकडा तीसच्या वर आहे."

"आकडा मोठा हाये हे मले दिसून राहिलं. पन कुत्रं बी दिसून राहिलं ना."

"दिसण्यात चूक होते. आकड्यात होत नाही."

हे वाक्य मी उच्चारले. तू आयुष्यभर आकड्यांचीच माणूस होतीस आणि मी तुला तुझ्याच शस्त्राने गप्प केले होते. मी अमरावतीच्या डॉक्टरांना विचारले नाही, माझ्या सरांना विचारले नाही. वसतिगृहाच्या जिन्यात उभी राहून मी फोनवरून पाणी काढणाऱ्या गोळीची मात्रा वाढवली. पाच दिवसांनी तू अठ्ठेचाळीस सांगितलेस आणि मी ती पुन्हा वाढवली. चोवीसाचे एका दिवसात जवळजवळ दुप्पट होतात, आणि कुत्रा मात्र गेटपर्यंत पळतो. प्रयोगशाळेत अशी नोंद आली असती तर मी सर्वप्रथम मोजणाऱ्या यंत्रावर संशय घेतला असता. पण इथे मला संशय नको होता. आपल्या घरचा रुग्ण आपण दुरून, कोणाच्याही मदतीशिवाय सांभाळतो आहोत, ही भावना मला फार आवडू लागली होती.

नवव्या दिवशी त्याने खाणे सोडले. तू त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून, गाडी करून, बडनेरा मूर्तिजापूर मागे टाकत अकोल्याला आणलेस. त्याचे डोळे खोल गेले होते, हिरड्या चिकट झाल्या होत्या, चिमटीत धरलेली कातडी परत बसत नव्हती. एक्स-रेमध्ये फुप्फुसे स्वच्छ होती. पाण्याचा मागमूस नव्हता. होते ते पाणीही आपण काढून टाकले होते. रक्ताच्या अहवालात मूत्रपिंडांचे आकडे चढलेले होते. सरांनी तुझ्या वहीतली औषधांची नोंद पाहिली, चष्मा काढला आणि विचारले, "ही मात्रा कुणाच्या सल्ल्याने वाढवली?"

मी तोंड उघडले होते, आत्या. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. उघडले होते आणि शब्द काढला नव्हता, एवढीच नोंद अचूक आहे. त्याच आठवड्यात पुढच्या संशोधनासाठी मी सरांकडे शिफारसपत्र मागितले होते आणि हे तुला ठाऊक होते. तेवढ्यात तू म्हणालीस, "कोनाच्याच नाई, साहेब. म्याच वाढवली. मले वाटलं, लवकर आराम पडन."

सर पाच मिनिटे बोलले. मालक मंडळी स्वतःच डॉक्टर कशी होतात, अर्धवट ज्ञान कसे जीव घेते, असे बरेच काही. ज्या बाईच्या टेबलासमोर तालुक्याचे पुढारी आवाज खाली करून बोलायचे, ती बाई हात जोडून "हाव साहेब, चुकलं साहेब" म्हणत उभी होती. आणि मी केसपेपरवर लिहीत होते: मालकाने स्वतःहून औषधाची मात्रा वाढवली. अक्षर माझे, खाली सही माझी.

नंतर त्याला सलाइन लावून आपण दोघी बाकावर बसलो. हे काम फार नाजूक असते. मूत्रपिंडे पाणी मागतात आणि दुबळ्या हृदयाला जादा पाणी पेलत नाही; थेंब मोजून द्यावे लागतात. संध्याकाळपर्यंत त्याला झोप लागली. मला एकाएकी सुचले आणि मी म्हटले, "आत्या, श्वास मोजून दाखव." तू पुढे वाकलीस, तर्जनी त्याच्या पोटाजवळ धरलीस आणि हलक्या आवाजात सुरू केलेस, "एक, दोन, तीन, चार..." पोट फुगले की एक, बसले की दोन; वैद्यकात मात्र दोन्ही मिळून एकच श्वास धरतात.

बुद्धविहारात फार वर्षांपूर्वी एका वृद्ध भन्तेजींनी तुला आनापानाचे, म्हणजे श्वासावरचे, ध्यान शिकवले होते: आत येणारा श्वास एक, बाहेर जाणारा दोन, दहापर्यंत जा, पुन्हा एकपासून ये. त्यानंतर रोज सकाळी तू तशीच बसत आलीस. तुझ्या लेखी येणारा आणि जाणारा हे दोन वेगळे श्वास होते आणि दोन्हींकडे सारखेच लक्ष द्यायचे असते. तुझी नोंद निर्दोष होती, आत्या. फक्त एकक वेगळे होते, आणि एकक विचारणे हे माझे काम होते.

मला तेव्हाच हे समजले. पण तोंडातून निघाले ते असे: "म्हणजे तू चुकीचं मोजत होतीस."

तू त्याच्या पोटाजवळचे बोट हळूच मागे घेतलेस. "अस्सं," म्हणालीस. "म्हनून."

त्या एका वाक्याने मी तुझ्या खोट्याला अर्धे खरे करून टाकले. तू मला वाचवण्यासाठी दोष अंगावर घेतला होतास; मी तो तुझ्या अंगात शिवून दिला. परत जाताना गाडीत बसल्यावर मी खिडकीपाशी येऊन म्हणाले, "आत्या, सरांना मी सांगायला हवं होतं." तू कलेक्टरला मांडीवर नीट घेत म्हणालीस, "आत्ता नको. तुह्यं पत्र येऊ दे, मंग पाह्यजो." या बोलण्यातले पहिले दोनच शब्द मी माझ्या सोयीने लक्षात ठेवले.

पत्र आले नव्हते, तोवर मी वाट पाहिली. पहिल्या पत्राने एक दार उघडले, मग दुसऱ्यासाठी पुन्हा सरांची गरज होती, म्हणून पुन्हा वाट पाहिली. दरम्यान विभागाच्या चर्चासत्रात मी हीच केस सादर केली. श्वास मोजण्याच्या पद्धतीतली चूक आणि मालकाने परस्पर वाढवलेली मात्रा, असा तिचा मुख्य मुद्दा होता. सादरीकरणाचे कौतुक झाले. तू फोनवर विचारलेस, "कायवर बोलली?"

"तुझ्यावरच," मी हसत म्हटले.

"माह्यं नाव घेतलं?"

"छे. फक्त 'मालक' म्हटलं."

मग तू म्हणालीस, "जेवली का?" मला वाटले, नाव न घेतल्याने तुला हायसे वाटले.

कलेक्टर त्यानंतर सात महिने जगला. मूत्रपिंडे पूर्ण सावरली नाहीत. हृदयाला हवी तेवढी औषधे मूत्रपिंडांना सोसेनात आणि दोन्हींच्या मधल्या अरुंद वाटेवरून आपण त्याला चालवत राहिलो. माझ्या चुकीने त्याचे किती महिने खाल्ले, हे मला सांगता येणार नाही. झडप तर झिजतच होती. शंभर कुत्र्यांचा अभ्यास सरासरी देतो. आपल्या एका कुत्र्याबद्दल तो मौन पाळतो. मी हे वाक्य तुला ऐकवणार होते, तुझे ओझे हलके व्हावे म्हणून. आता लक्षात येते की ते वाक्य मला स्वतःलाच हवे होते.

शेवटच्या दिवशी तो अंगणात उन्हात पडला होता. मी त्याला अकोल्याला न्यायचे ठरवून आले होते. तू त्याच्याजवळ बसून होतीस.

"आता नको नेऊ. किती सुया टोचतं त्याले?"

"अजून उपाय आहेत, आत्या."

"तुह्यापाशी असतीन. त्याच्यापाशी नाई राहिले. पाह्य ना त्याच्याकडे."

मी संतापले. म्हणाले, "तू पुन्हा तुझ्या मनाने करणार आहेस का? पहिल्यांदाही मनानेच केलंस!"

तू वर पाहिलेस. रागावली नाहीस. चेहऱ्यावर जे होते त्याला कुतूहल हा शब्द जवळचा आहे. "पहिल्यांदा?" एवढेच विचारलेस.

आत्या, मी खोटे बोलत नव्हते. यातच सर्वांत भयंकर भाग आहे. मी ते केसपेपरवर लिहिले होते, पडद्यावर दाखवले होते, प्रश्नांना उत्तरे देताना पाचसहा वेळा उच्चारले होते. त्या क्षणी माझ्या डोक्यात ते घडलेलेच होते. तुझा प्रश्न ऐकल्यावर मला वसतिगृहाचा जिना आठवला आणि माझी मान खाली गेली. तू मग माझ्याशी वाद घातला नाहीस. त्याच्या कानामागे खाजवत राहिलीस. तासाभराने तो गेला, तिथेच, तुझा हात पाठीवर असताना. निर्णय तुझाच बरोबर होता, हेही मी तुला सांगितले नाही.

आपला तो वाद तिथेच थांबला. पुढे तू आजारी पडलीस तेव्हा मला वेळ मिळेल असे वाटले. मिळाला नाही.

पुण्यानुमोदनाला पाहुणे पांगल्यावर ताराकाकू माझ्याजवळ येऊन बसल्या. विहारात रोज सकाळी त्या तुझ्या शेजारी बसत असत. म्हणाल्या, "बाई, येक गोष्ट तुले इचारायची होती. तुही आत्या गेल्या वर्सापासून पंचशील म्हनताना चौथ्या शीलाले गप्प राहे. बाकीचे चार खनखनीत म्हने. चौथं आलं का व्हट बंद."

खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे शील, आत्या. ते चौथे.

"म्या येक डाव इचारलं, काहून वं, विसरते का? तं म्हने, 'माह्यं तुटलं हाये. जिनं दुरुस्त कराचं ते करन, मंग म्हनीन.' म्या समजली नाई. तुले काई माईत हाये का?"

मी "नाही" म्हटले. म्हणजे तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तुझ्या फोटोसमोर, मी पुन्हा खोटे बोलले.

तुझे ते खोटे मी आजवर भेट समजत होते: दिले, घेतले, संपले. तुझ्या दृष्टीने तो उसना दिलेला वेळ होता. तीस वर्षांत ज्या बाईने एकाही कागदावर चुकीचा शेरा मारला नाही तिने माझ्यासाठी एक खोटी नोंद होऊ दिली आणि मग रोज सकाळी, सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज न मिसळता, ती माझी वाट पाहत राहिली. तू मला एकदाही आठवण करून दिली नाहीस. तगादा लावला असतास तर मी भांडले असते आणि कदाचित सुटले असते. तू मला सुटू दिले नाहीस आणि अडकवलेही नाहीस. हे कसे साधते ते मला कोणत्याही वर्गात शिकवलेले नाही.

अकोल्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. सगळे सांगितले. जिना, फोन, दोन वेळा वाढवलेली मात्रा, तू आणि मी. त्यांनी हातातले पेन टेबलावर ठेवले.

"आता का सांगते आहेस?"

"आत्या वारली, सर."

"म्हणजे त्या असत्या तर आली नसतीस?"

"माहीत नाही, सर."

"निदान हे उत्तर खरं दिसतंय," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितले की नवीन शिफारसपत्र ते सध्या देणार नाहीत. "तुझं ज्ञान कमी पडलं म्हणून नाही. चूक माझ्याकडूनही झाली आहे, वयाने मोठ्या बाईंना मी अधिक काही न विचारता सुनावलं. ती मला आता दुरुस्त करता येणार नाही. तुला तुझी करता येईल. ही केस ज्यांच्यासमोर मांडलीस त्यांच्यासमोरच पुन्हा मांड."

तुझ्या नजरेने पाहिले तर मी फार उशिरा पोचले. माझ्या नजरेने पाहिले तरी तसेच. पण मला तुझे आभार मानायचे आहेत, आणि ते गोळ्यांच्या खोट्यासाठी नाहीत. ते तू फार झटकन बोललीस, मायेने, विचार न करता. त्याबद्दल मी तुझ्याशी आजही भांडेन. तू मला त्या दिवशी सरांसमोर बोलू द्यायला हवे होतेस. माझे एक वर्ष गेले असते, आपला कुत्रा तरीही आजारीच राहिला असता, पण तुझे ओठ मिटले नसते. आभार मानायचे आहेत ते नंतरच्या त्या सकाळींसाठी. माझ्याविषयी तू आशा सोडली असतीस तर तू ते शील मोकळेपणाने म्हटले असतेस.

काल सकाळी मी केस पुन्हा मांडली. चर्चासत्राच्या त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर, काही नवीन चेहरेही होते. झडपेची आकृती, फुप्फुसांचा एक्स-रे, रक्ताचे आकडे. चुकांच्या पानावर लिहिले होते: श्वास म्हणजे काय हे समजावून न सांगता मोजायला सांगितले, कुत्र्याला न तपासता फोनवरून दोनदा मात्रा वाढवली, मालकाने कुत्रा ठीक दिसतो असे सांगूनही ऐकले नाही. या सर्व चुका माझ्या.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, पण मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, मालकाने स्वतःच कबूल केलं होतं."

"हो. त्या खोटं बोलल्या."

"का पण?"

"त्या माझी आत्या होत्या."

तिने वहीत लिहायला पेन टेकवले, मग उचलले. तिला हे उत्तर अपुरे वाटले असावे. "तरी मॅडम, एवढा दोष कुणी कशाला अंगावर घेईल?"

मी मुद्दे जुळवू लागले. मग ते सोडून दिले.

"तिला वाटलं होतं," मी म्हटले, "की थोड्याच दिवसांत मी स्वतःच खरं सांगेन."